मावशींच्या प्रमाणपत्रांची मुदत संस्थेने सांभाळावी

मुंबईतील वृद्धाश्रमांत आणि दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांत रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, अंग पुसणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे नर्सिंग असिस्टंट, म्हणजे आपण ज्यांना मावशी किंवा दादा म्हणतो ती माणसे करतात. त्यांची प्रमाणपत्रे अद्ययावत ठेवण्याचा भार त्यांच्यावरच टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम संस्थेने प्रत्येकाच्या नावाने फाइल उघडावी आणि एकाच वहीत सर्वांच्या मुदतीच्या तारखा लिहाव्यात. एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या सिस्टरांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी सततच्या शिक्षणाचे तास जमवावे लागतात. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नयेत. बीएलएसचे, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यास द्यायच्या प्राथमिक जीवरक्षक उपचारांचे, प्रमाणपत्र साधारणतः 2 वर्षे चालते. जैववैद्यकीय कचरा, म्हणजे वापरलेल्या सुया, पट्ट्या वगैरे, हाताळण्याचे प्रशिक्षण, 2016 च्या नियमांनुसार, कामावर रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी द्यावे लागते.

जनरल ड्यूटी असिस्टंटचे, म्हणजे मावशी-दादांच्या कामाचे, प्रमाणपत्र माणूस काय शिकला ते सांगते. आज त्याचा हात किती सरावाचा आहे, हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये अशा सहायकांना वर्षाला किमान 12 तासांचे प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे, आणि सलग 24 महिने पगारी शुश्रूषेचे काम न केल्यास पुन्हा प्रशिक्षण व परीक्षा द्यावी लागते. महिन्याला एक तास ठरवून आपणही ते प्रमाण सहज गाठू शकतो. मात्र हा तास ड्यूटीतच धरावा आणि दिवसपाळी व रात्रपाळी या दोन्हींसाठी वेगळा ठेवावा, कारण रात्रभर जागून विरारची किंवा बदलापूरची लोकल पकडणाऱ्या मावशींना दुपारच्या वर्गासाठी थांबवून ठेवणे अन्यायाचे आहे. शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळणे, भरवताना ठसका लागल्यास काय करावे, हे विषय खाटेपाशी करून दाखवावेत, प्रत्येकाकडून करून घ्यावेत आणि मग उपस्थितीपत्रकावर सही घ्यावी.

सर्वाधिक अडचण नावाची येते. प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, असे असल्यास नूतनीकरणाचा अर्ज अडू शकतो. म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्राची किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत रुजू होतानाच फाइलला लावावी. माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्यांचे मूळ कागद पाहून लगेच परत करावेत, आपल्याकडे केवळ प्रती ठेवाव्यात. मुदत संपण्याच्या 3 महिने आधी त्या व्यक्तीला बोलावून अर्ज तिच्यासोबत बसून भरावा आणि शुल्क संस्थेने द्यावे.