विहिरीत टीसीएल टाकायची ती अशी

मिरगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की उन्हाळ्यात फाटलेल्या काळ्या मातीच्या भेगांतून वरचं पाणी सरळ खाली उतरतं. गोठा, उकिरडा, नाली, संडासाचा खड्डा, वाटेत जे असेल ते सोबत घेऊन ते विहिरीला मिळतं. मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारीला जुलै 2022 मध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली ती विहिरीच्या दूषित पाण्यातूनच. म्हणून पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, पडलीच पाहिजे. पण काठावर उभं राहून मूठभर पावडर भिरकावली म्हणजे विहीर शुद्ध होत नाही. अशी फेकलेली पावडर गोळा होऊन तळाशी बसते, वरच्या पाण्यात क्लोरीन नावालाही उतरत नाही, आणि गाव मात्र निर्धास्त होऊन पाण्याचे गुंड भरत राहतं.

आधी पावडर बघा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. ती कोरडी, भुरभुरीत असते आणि झाकण उघडताच नाकात झोंबते. ढेकळं झालेली, ओलसर, वास गेलेली पावडर म्हणजे बहुतांशी नुसता चुना. क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती पिण्याच्या पाण्यासाठी वापरूच नका. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतो. ग्रामपंचायतीने नवीन पोतं फोडलं की नमुना पाठवायलाच हवा. साठवण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, सावलीत, जमिनीपासून वर करा. पत्र्याचा डबा ती खाऊन टाकते. युरिया, रॉकेल, कीटकनाशकं आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड तिच्या खोलीत नको. अ‍ॅसिडशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेलाशी पडली तर आग लागू शकते.

आता पाणी मोजा. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडा आणि वर काढा. दोर जितका भिजला तितकी पाण्याची खोली. विहिरीचा व्यास फुटात घ्या. मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 22, इतके लिटर पाणी. 15 फूट व्यास आणि 10 फूट पाणी असेल तर सुमारे 50,000 लिटर भरतं. 33 टक्क्यांच्या पावडरचं माप हजार लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे या विहिरीला 125 ग्रॅम. पूर आला, पाणी गढूळ झालं किंवा गावात हगवण-उलट्या सुरू झाल्या तर दुप्पट, 250 ग्रॅम. पावडर 25 टक्क्यांचीच असेल तर 125 च्या जागी 165 ग्रॅम घ्या. वैशाखात त्याच विहिरीत 4 फूट पाणी उरलं की 50 ग्रॅम पुरे. तेव्हाही 125 टाकली की पाण्याला असा वास मारतो की बाया भांडी घेऊन नाल्यावर जातात, आणि केलं-सवरलं पाण्यात जातं. पावसाळ्यात पातळी रोज बदलते, म्हणून दोर दर आठवड्याला सोडायचाच.

विरघळवायचं काम घाईत करू नका. प्लास्टिकच्या बकेटीत एका वेळी 100 ग्रॅमच्या वर पावडर नको. नाकातोंडाला ओला रुमाल, हातात मोजे, वारा पाठीवर. थोडं पाणी घालून काठीने आधी पातळ लापशीसारखं कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग बकेट पाऊण भरेपर्यंत पाणी ओता आणि ढवळा. आता दहा मिनिटं हात लावू नका. पांढरा चुना खाली बसतो आणि वर किंचित हिरवट-पिवळी झाक असलेलं निवळ पाणी राहतं. क्लोरीन त्या निवळीत आहे. ती अलगद दुसऱ्या बकेटीत ओतून घ्या. खालचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाण्याचा जडपणा तेवढा वाढतो.

निवळीची बकेट दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, चारी बाजूंना हिंदळा, म्हणजे ती सगळीकडे मिसळेल. त्यानंतर किमान एक तास कोणी पाणी भरायचं नाही. याला कारण आहे. पाण्यात क्लोरीनची दोन रूपं तयार होतात. हायपोक्लोरस आम्ल जंतू झपाट्याने मारतं, हायपोक्लोराइट त्यामानाने फार मंद असतं. सामू (पाण्याचा आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा, पीएच) 7.5 असताना दोन्ही निम्मे-निम्मे असतात, 8 वर गेला की जोरदार रूप पाव हिश्श्यावर येतं. विहिरीचं पाणी अल्कधर्मी असेल तर वेळ देण्यावाचून गत्यंतर नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे रात्री शेवटची घागर निघाल्यावर टाका, सकाळपर्यंत विहीर तयार. साथ असेल तर रोज टाका.

एक तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला ते रंगावरून बघायची ऑर्थोटोलिडीनची तपासणी, करा. नळीत खुणेपर्यंत पाणी, किटवर लिहिलेले थेंब, आणि पांढऱ्या कागदासमोर धरून लगेच बघा. पहिल्या दहा सेकंदांत पिवळा रंग आला तर तो मोकळा क्लोरीन. पंधरा मिनिटांनी गडद झालेला रंग धरू नका. तो अमोनियाशी जखडलेल्या क्लोरीनचाही असतो, आणि गोठ्याचं पाणी झिरपणाऱ्या विहिरीत हा धोका हमखास होतो. विहिरीत लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे, घरच्या माठात किमान 0.2. रंगच आला नाही तर पाण्यातल्या घाणीने क्लोरीन खाल्ला, पुन्हा मात्रा द्या. वरचं माप ही सुरुवात आहे, शेवटचा शब्द टेस्टचा. ओटीचं रसायन अंगाला घातक आहे, नळी विहिरीजवळ ओतू नका, हात धुवा. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट मिळत असेल तर तेच घ्या, ते जास्त भरवशाचं आहे.

घरच्या लहान विहिरीला, साधारण 4,500 लिटरच्या, नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) काढलेली दुहेरी मडक्याची पद्धत चांगली. 1 किलो टीसीएल आणि 2 किलो जाड रेती किंचित ओली करून लहान मडक्यात भरा. त्याच्या काठाजवळ 1 सेंटिमीटरचं भोक असतं, मिश्रण भोकाच्या 3 सेंटिमीटर खाली राहू द्या. ते मोठ्या मडक्यात ठेवा. मोठ्याला भोक बुडापासून 4 सेंटिमीटरवर. तोंड प्लास्टिकने बांधून पाण्याखाली किमान 1 मीटर सोडा. रोजचा उपसा 360 ते 450 लिटर असेल तर दोन-तीन आठवडे चालतं. पाचशे माणसं पाणी भरतात त्या विहिरीत हे मडकं सोडून मोकळं होऊ नका.

क्लोरीन जंतूंसाठी आहे. खारपाणपट्ट्यातला खारेपणा, नायट्रेट किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींतलं फ्लोराइड त्याने तसूभर कमी होत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी तर क्लोरीनलाही दाद देत नाहीत, म्हणून तान्ह्या लेकराचं आणि आजारी माणसाचं पाणी खळखळ उकळूनच द्या. गढूळ पाण्याला घरी आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या आणि मगच क्लोरीनची गोळी टाका. चिखलाच्या कणात लपलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचतच नाही.