सगळ्या रेपोंचा मिळून एकच हिटमॅप, तोही टर्मिनलमध्येच

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता घरूनच पुण्या-मुंबईचं काम करतात, ऑफिसचा कोड गिटलॅबवर, फ्रीलान्सचा बिटबकेटवर, स्वतःचं थोडंफार गिटहबवर, मग गिटहबच्या प्रोफाईलवरचे हिरवे चौकोन (कुठल्या दिवशी किती कमिट, म्हणजे कोडातल्या बदलांच्या नोंदी, झाल्या ते रंगाने दाखवणारा हिटमॅप) बघून वर्षभर काय केलं ते कळणार कसं? पण भाऊ, सगळी नोंद आपल्याच लॅपटॉपवर, प्रत्येक प्रोजेक्टच्या रेपोत (गिटने सांभाळलेल्या फोल्डरमध्ये) पडलेली असते, नेट गेलं तरी ती दाखवणारी गिट लॉग कमांड चालतेच.

आधी फाइंड कमांडने होम फोल्डरमधले सगळे डॉट गिट फोल्डर शोधा आणि प्रत्येक रेपोत गिट लॉग चालवा. ऑथरमध्ये आपला ईमेल द्या, ऑफिसचा आणि घरचा वेगळा असेल तर ऑथर ऑप्शन दोनदा दिला तरी चालतो. नो-मर्जेस लावा, म्हणजे नुसत्या ब्रँच जोडल्याचे कमिट गळतात, आणि ऑलऐवजी ब्रँचेस लावा, कारण ऑलमध्ये स्टॅश, म्हणजे अर्धवट बाजूला ठेवलेलं काम, पण मोजला जातो.

आता खरी मेख. फॉरमॅटमध्ये नुसती तारीख घेऊ नका, हॅश, म्हणजे कमिटचा ओळख क्रमांक, पण घ्या. एकाच रेपोचे दोन क्लोन (प्रती) असले की तोच कमिट दोनदा येतो, हॅशसकट सॉर्ट करून डुप्लिकेट उडवले की हिशोब बरोबर बसतो. तारीख ऑथर डेटच घ्या, म्हणजे बदल मुळात केल्याची. रीबेस केलं, म्हणजे जुने कमिट नव्या पायावर परत रचले, की कमिटर डेट आजची होते, मग महिन्याभराचं काम एकाच दिवसावर चढतं. आणि अमुक तारखेनंतरचेच कमिट देणारा सिन्स ऑप्शन कमिटर डेटच बघतो, म्हणून वर्षाची गाळणी ऑथर डेटवर परत एकदा लावाच.

मग हॅश काढून टाका, तारखा सॉर्ट करा, युनिक मायनस सी (uniq -c) ने दिवसाचे आकडे काढा आणि रंगवायला घ्या. 7 ओळी वारांच्या, प्रत्येक आठवड्याला एक कॉलम, एक चौकोन म्हणजे दोन स्पेस आणि मागे रंग. 256 रंगांमध्ये 22, 28, 34, 40, 46 हे गडद ते उजळ हिरवे आहेत, रिकाम्या दिवसाला 236 चा करडा. 53 आठवड्यांना 106 अक्षरं लागतात, टर्मिनल 80 चं असेल तर सहा महिनेच दाखवा. रंगाच्या पायऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्यावरून ठरवू नका, एखाद्या दिवशी धपाधप कमिट झाले की बाकीचं सगळं वर्ष फिकं दिसतं, काम झालेल्या दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लावून त्यांचे सारखे भाग पाडा.

मला स्वतःला मात्र वार आणि तास असा नकाशा जास्त आवडतो, 7 ओळी, 24 कॉलम, 80 मध्ये आरामात बसतो. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी खोलीत बसवत नाही, काम पहाटे आणि रात्री सरकतं, ते यात सरळ दिसतं, आणि दुपारचा कॉल सकाळी घ्या असं क्लायंटला सांगताना हा नकाशा दाखवता येतो. फक्त कोणी दिवसभर काम करून संध्याकाळी एकदाच कमिट करत असेल तर तासांवर भरवसा ठेवू नका. आणि क्लाउड मशीनवरून केलेले कमिट बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, साडेपाच तास मागे, म्हणून डेट ऑप्शनमध्ये नुसतं फॉरमॅट न लिहिता फॉरमॅट-लोकल लिहा.