महिला मंडळात मेथडिस्ट बायकांची गोष्ट कशी सांगाल?

सुरुवात मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्यापासून करू नका, त्याच्या आईपासून करा. फोंडा-मडगावकडच्या महिला मंडळांत मी इतिहासावर बोलते. एखाद्या पंथाची स्थापना कुणी केली, यापेक्षा घरातली बाई काय करत होती हे ऐकायला बायका जास्त उत्सुक असतात.

पण आधी दोन वाक्यांत पार्श्वभूमी द्या. गोव्यात आपल्या शेजारी इगर्ज (चर्च) असते आणि खुरसाजवळची (क्रुसाजवळची) लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, आपण लहानपणापासून ऐकलेली असते. त्यामुळे ख्रिस्ती म्हटले की कॅथलिकच डोळ्यांसमोर येतात. मेथडिस्ट चळवळ वेगळी. ती अठराव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रॉटेस्टंट चर्चच्या, आत उभी राहिली. साधारण डझनभर माणसांचा एक 'क्लास' दर आठवड्याला भेटे आणि त्याचे नेतृत्व बाईही करू शके.

मग जॉनची आई, सुझाना वेस्ली. इथे घाई करू नका. १७११-१२चा हिवाळा, पाद्री नवरा लंडनला, गाव इंग्लंडमधले एपवर्थ. रविवारी संध्याकाळी ती मुलांना नि नोकरांना प्रवचने वाचून दाखवी. शेजारी येऊ लागले, आणि पाहता पाहता दोनशेवर माणसे जमली. तरंगमबाडीला आलेल्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत वाचून आपल्याला हुरूप आला, असे तिने नवऱ्याला लिहिले. आपल्या तमिळ किनाऱ्याचे नाव ऐकताच सभा सावरून बसते, तेव्हा हे गाळू नका. नवऱ्याच्या मदतनीस पाद्रीने तक्रार केली. त्यावर तिने नवऱ्याला कळवले, "बंद करायचे असेल तर इच्छा सांगू नका, स्पष्ट आज्ञा पाठवा." हे वाक्य सावकाश, दोनदा वाचा.

पुढे मेथडिस्ट क्लास चालवणारी सारा क्रॉस्बी. १७६१च्या फेब्रुवारीत डर्बीला तीसेक माणसे येतील म्हणून ती गेली, आली दोनशेच्या आसपास. तिने स्तोत्र म्हटले, प्रार्थना केली, स्वतःचा अनुभव सांगितला. हे योग्य झाले का, असे तिने जॉन वेस्लीला पत्राने विचारले. त्याचे उत्तर आले: तू मर्यादा ओलांडलेली नाहीस, पण मेथडिस्ट बायकांना प्रवचन करू देत नाहीत, हे लोकांना सांग. त्याच वर्षी ग्रेस वॉल्टन या दुसऱ्या मेथडिस्ट बाईला त्याने सुचवले की बायबलातले वचन घेऊन बोलू नकोस, चार-पाच मिनिटांपेक्षा सलग बोलू नकोस.

आता फळ्यावर दोन रकाने काढा: 'तिने काय केले' आणि 'तिच्या त्या कामाला काय म्हटले गेले'. ते बायकांनाच भरू द्या. माझ्या मते सगळ्या व्याख्यानाचा गाभा हाच. या कामाला बराच वेळ राखून ठेवा आणि मध्ये बोलू नका.

आणखी एक मेथडिस्ट बाई, मेरी बोझँकेट, थोडक्यात: १७६३ला लेटनस्टोनला अनाथालय, १७७१ला बायकांच्या बोलण्याची बाजू मांडणारे वेस्लीला पत्र. १८०३च्या कॉन्फरन्सने, म्हणजे मेथडिस्ट प्रवचनकारांच्या वार्षिक सभेने, बायकांच्या प्रवचनाला जवळजवळ मनाई केली, तरी इंग्लंडमधल्या मॅडली गावात ती १८१५पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, बोलत राहिली.

भारताचे काय, असे कुणीतरी विचारेलच. १८७०ला भारतात आलेल्या मेथडिस्ट मिशनरी, लखनौच्या शिक्षिका इझाबेला थॉबर्न आणि बरेलीच्या डॉक्टर क्लारा स्वेन यांची माहिती वेगळ्या कागदावर ठेवा, नि विचारल्यावरच सांगा.