सेवा सुरू होतानाच सिगटर्म आला तर : या चुका टाळा

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे सिगटर्मचा (प्रोसेसला थांबायला सांगणाऱ्या सिग्नलचा) हँडलर, म्हणजे तो सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन, मेन फंक्शनच्या शेवटी, सगळी जुळवाजुळव झाल्यावर बसवणे. कंटेनरमध्ये ही चूक अधिक फसवी ठरते, कारण तिथे आपली प्रोसेस पीआयडी 1 (म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस) असेल आणि तिने हँडलर बसवलेला नसेल, तर लिनक्स कर्नल तिच्यापर्यंत सिगटर्म पोहोचूच देत नाही. कंटेनर चालवणारी कुबरनेटिस ही प्रणाली ठरलेले 30 सेकंद (सवलतीची मुदत) वाट पाहते आणि मग सिगकिल, म्हणजे प्रोसेसला अडवता न येणारा मारक सिग्नल, पाठवते.

एका ग्राहकाची पायथनमधली सेवा सुरू होताना डेटाबेसचे मायग्रेशन (रचनेतले बदल) चालवीत असे आणि दुसऱ्या पॉडने (कुबरनेटिसमध्ये चालणाऱ्या सेवेच्या दुसऱ्या प्रतीने) तेच काम हाती घेऊ नये म्हणून एका टेबलात ‘काम चालू’ अशी नोंद करीत असे. कोणीतरी घाईने रोलबॅक केला (जुनी आवृत्ती परत आणली), मायग्रेशन 30 सेकंदांत आटोपले नाही, पॉड मारला गेला आणि नोंद मागे राहिली. त्यानंतरचा प्रत्येक नवा पॉड ती नोंद पुसली जाण्याची वाट पाहत बसे, स्टार्टअप प्रोब (सेवा सुरू झाली का याची कुबरनेटिसची तपासणी) नापास होई आणि सिगकिल खाऊन तो पुन्हा सुरू होई. एक्झिट कोड 137 दिसताच मंडळींनी मेमरी वाढवली, मग आणखी वाढवली. 137 म्हणजे 128 अधिक सिगकिलचा क्रमांक 9, एवढेच. त्याच्या शेजारी कारण म्हणून ‘ओओएमकिल्ड’ (मेमरी संपल्यामुळे मारले) नव्हे, तर नुसते ‘एरर’ लिहिलेले होते आणि ते वाचण्याइतका धीर कोणालाच नव्हता.

माझी पद्धत अशी आहे : हँडलर मेनच्या पहिल्या ओळीत बसवावा, त्याने फक्त एक फ्लॅग उचलावा, सुरुवातीच्या प्रत्येक टप्प्यानंतर तो फ्लॅग तपासावा आणि जेवढे हाती घेतले असेल तेवढेच उलट क्रमाने सोडावे. डेटाबेस पोस्टग्रेस असल्यास टेबलातल्या नोंदीऐवजी सेशन पातळीचा ॲडव्हायझरी लॉक (डेटाबेसच्या जोडणीशी बांधलेले कुलूप) घ्यावा. जोडणी तुटली की तो आपोआप सुटतो.

फ्लॅग ठेवूनही काही जण पुनर्प्रयत्नांच्या मध्ये साठ सेकंदांचा स्लीप टाकतात. पायथन 3.5 पासून हँडलर चालून गेल्यावर स्लीप उरलेला वेळ पूर्ण करतो, त्यामुळे झोप एकेका सेकंदाच्या तुकड्यांत घ्यावी आणि डेटाबेसच्या जोडणीला टाइमआउट द्यावा.

सी भाषेत हँडलरमध्येच आवराआवर करू नये. मुख्य प्रवाह मॅलॉकच्या (मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या) आत असताना हँडलरनेही मॅलॉक बोलावले, तर प्रोसेस तिथेच अडकू शकते.

डॉकरफाइलमध्ये सुरुवातीची आज्ञा शेलमार्फत दिल्यास सिगटर्म शेलला मिळतो, सेवेला नाही. म्हणून शेलची जागा सेवेला देणारे एक्झेक वापरावे.

सवलतीची मुदत 30 वरून 300 सेकंद करणे हा उपाय नव्हे, ती टाळाटाळ आहे.

लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीखाली ‘टाइप’ची किंमत ‘नोटिफाय’ ठेवणाऱ्यांनी ‘रेडी’चा निरोप सुरुवातीची कामे खरोखर संपल्यावरच पाठवावा.