मागचा वायपर आणि वॉशर : पावसाळ्याआधी या चुका टाळा

मागच्या काचेचा वायपर बंद पडला म्हणून गाडी कुठे अडत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे वेळेवर कोणी लक्ष देत नाही. हॅचबॅक किंवा एसयूव्हीची मागची बाजू उभी कापल्यासारखी असते. गाडी वेगात असताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होऊन भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेला चिखल त्या भोवऱ्यांबरोबर थेट मागच्या काचेवर येऊन बसतो. कोकणातल्या तांबड्या मातीत दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवली, तरी आरशात मागचे काही दिसेनासे होते. दर जूनमध्ये नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांची ही दुरुस्ती माझ्याकडे येते, आणि मूळ बिघाडापेक्षा त्यावर घाईने केलेले उपायच मला अधिक निस्तरावे लागतात.

पाणी येत नाही म्हणून दांडा धरून ठेवणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि तिचे नुकसानही सर्वांत महाग पडते. वॉशरच्या, म्हणजे काच धुण्यासाठी पाणी उडवणाऱ्या पंपाच्या, मोटरचा आवाज येतो, काचेवर मात्र थेंब पडत नाही; अशा वेळी नळीत हवा अडकली असेल, थोड्या वेळाने पाणी येईल, असे समजून लोक स्टिअरिंगजवळचा दांडा धरून ठेवतात. टाकीत पाणी आहे, पंप फिरतो आहे आणि टाकीतली पातळी उतरते आहे, पण काच कोरडीच आहे, तर ते पाणी दुसरीकडे कुठेतरी जात आहे, आणि बहुतेक वेळा ते गाडीच्या आतच जात असते.

चिपळूणला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांना कामासाठी दर आठवड्याला कुंभार्ली घाट चढून कराडला जावे लागते. एका जुलैत मागच्या वॉशरला पाणी येईना म्हणून त्यांनी गाडी एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. तिथे पंप बदलून दिला आणि दोन दिवसांत पुन्हा तीच तक्रार सुरू झाली. पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी दांडा धरून पाहत राहिले आणि टाकी रिकामी झाली की पुन्हा भरत राहिले. गाडी माझ्याकडे आली तेव्हा आत कुबट वास कोंडला होता, छताच्या कापडावर मागच्या कोपऱ्यात पिवळट डाग पडला होता आणि छताला आधार देणाऱ्या डाव्या खांबावरची प्लॅस्टिकची पट्टी काढल्यावर वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर चढलेला दिसला. डिकीचे लॉक मध्येच आपोआप उघडत होते, तेही त्या ओलाव्यामुळेच. मूळ दोष इतकाच होता की, छत आणि डिकीचा दरवाजा यांना जोडणाऱ्या रबरी बुटाच्या आत पाण्याच्या नळीचा जोड निसटला होता. तो बसवायला मला पंधरा मिनिटे लागली. गालिचा आणि त्याखालचा फोम ऐन पावसाळ्यात सुकवायला नऊ दिवस लागले. त्या गाडीत एकच पंप एका दिशेने फिरून पुढच्या काचेला आणि उलट दिशेने फिरून मागच्या काचेला पाणी देतो. पुढची काच व्यवस्थित धुतली जात होती, एवढी साधी गोष्ट कोणी पाहिली असती, तर निदान पंपावरचा संशय आधी बाजूला ठेवता आला असता आणि नळीचा मार्ग पहिल्याच दिवशी तपासला गेला असता.

बऱ्याच गाड्यांत मागच्या वॉशरला वेगळी टाकी नसते, हे लक्षात ठेवावे. बोनेटखालच्या टाकीतून निघालेली बारीक नळी गाडीच्या आतल्या कडेने, पट्ट्यांच्या आणि छताच्या कापडाच्या मागून डिकीपर्यंत येते, आणि दरवाजा दर वेळी उघडताना तिला त्या रबरी बुटात वाकावे लागते. म्हणून मी तपासणी नेहमी मागून पुढे करतो. प्रथम काचेवर पाणी सोडणाऱ्या तोंडाजवळची नळी काढून तिचे टोक बाटलीत धरायचे आणि दुसऱ्या माणसाला दोन सेकंद दांडा दाबायला सांगायचे. बाटलीत जोरात पाणी आले, तर तोंड चोंदलेले आहे. आले नाही, तर रबरी बूट सोडवून आतला जोड पाहायचा, आणि तोही शाबूत असेल तरच बोनेटकडे वळायचे. दांडा दाबल्यावर आवाजच येत नसेल, तर फ्यूज, पंपाचा कनेक्टर आणि त्यानंतर पंप असा माझा क्रम असतो. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ मी दांडा कधीही धरत नाही, कारण हे पंप पाण्यावाचून चालण्यासाठी बनवलेले नसतात आणि कोरडे फिरले की लवकर खराब होतात. पाणी येते पण दर वेळी उशिरा येते, अशी तक्रार असेल, तर पाणी नळीतून मागे ओसरू न देणारा छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह कामातून गेलेला असू शकतो.

वायपरचा हात पेचकसाने उचकटणे

पुढची काच दोन थरांची असते. ती तडकली तरी मधल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यामुळे एकत्र राहते. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली एकाच थराची असते, आणि एका बिंदूवर जोर आला की ती पूर्णच्या पूर्ण बारीक खड्यांत विखुरते. वायपरच्या हाताचा नट काढला तरी हात मोटरने फिरणाऱ्या दातेरी शाफ्टवर (कण्यावर) गंजून घट्ट बसलेला असतो. शिकाऊ मुले इथे काचेवर पेचकस टेकवून हात वर उचलायला जातात. माझ्या समोर, मी नको म्हणेपर्यंत, एका उत्साही मुलाने असे केले आणि धुरकटपणा घालवणाऱ्या तारांसह अख्खी काच डिकीत सांडली. पाच मिनिटे वाचवण्यासाठी वापरलेल्या या युक्तीबद्दल मला जराही सहानुभूती नाही. नट पूर्ण न काढता दोन आटे ठेवावा, शाफ्टच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडून निदान अर्धा तास थांबावे, हात हलक्याने डावीकडे-उजवीकडे डोलवावा, आणि तरीही सुटला नाही, तर छोटा पुलर, म्हणजे हात शाफ्टवरून ओढून काढणारे अवजार, लावावा. तो फार महागही नसतो. हात काढण्यापूर्वी त्याची जागा काचेवर चिकटपट्टीने खुणावून ठेवावी, आणि परत बसवण्याआधी मोटर एकदा चालवून बंद करावी, म्हणजे शाफ्ट आपल्या थांबण्याच्या जागी येतो. ही काळजी न घेणाऱ्यांचा वायपर पुढे काचेच्या मधोमध थांबतो किंवा काचेच्या कडेबाहेर जाऊन आपटतो.

हाच शाफ्ट आठ महिने न फिरता राहिला की आत जाम होतो, मोटरवर ताण येतो आणि फ्यूज जातो. मग १५ अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घालणारे लोक भेटतात. अशा वेळी फ्यूज जात नाही, वायर तापते, आणि ती वायर छताच्या कापडामागून गेलेली असते. असा फ्यूज दिसला की मी बाकीचे काम बाजूला ठेवून आधी तो काढतो. उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा काच ओली करून वायपर फिरवावा, एवढ्याने हा त्रास बहुतांशी टळतो.

टाकीत कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण घालू नये. बोअरवेलच्या जड पाण्यानेही बारीक तोंडे क्षारांनी बुजतात, म्हणून मी गाळलेले पिण्याचे पाणी आणि वॉशरचे तयार द्रावण वापरतो. तोंडात टाचणी खुपसू नये, आणि नळी जोडलेली असताना हवेचा दाबही मारू नये, कारण त्यानेच आतले जोड निसटतात. धुळीच्या काचेवर कोरडा वायपर चालवू नये. रिव्हर्स टाकल्यावर मागचा वायपर आपोआप फिरला, तर तो बिघाड समजू नये. पुढचा वायपर चालू असताना तो असा फिरावा अशी अनेक गाड्यांत सोयच असते.

वायर पिळून पट्टी लावणे

मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा आणि डिकीचे लॉक यांपैकी दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या, तर मोटरकडे न पाहता पुन्हा त्या रबरी बुटाकडेच यावे. दरवाजाच्या हजारो उघडझापींनी आतल्या वायरी वाकून तुटतात, आणि बाहेरचे प्लॅस्टिक अखंड असल्याने तुटलेली वायरही पाहणाऱ्याला धड वाटते. प्रत्येक वायर हलकेच ओढली की तुटलेली लांबते. ती तिथेच पिळून काळी पट्टी गुंडाळणारी दुरुस्ती जेमतेम एक पावसाळा टिकते, कारण जोड नेमका वाकण्याच्या जागी येतो आणि कडक होऊन पुन्हा तुटतो. मी बुटाच्या दोन्ही बाजूंना पुढे जाऊन नव्या मऊ, अनेक बारीक तारांच्या वायरीचा तुकडा घालतो, जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवतो आणि सगळे जोड एकाच ठिकाणी न घेता थोड्या थोड्या अंतरावर ठेवतो, म्हणजे बुटात गाठ होत नाही. त्यानंतर दरवाजा वीस वेळा उघडून मिटतो, बूट खाचेत नीट बसला आहे ना हे बोट फिरवून पाहतो आणि त्यावर बादलीभर पाणी ओततो. छताचे कापड कोरडे राहिले की मगच प्लॅस्टिकच्या पट्ट्या परत लावतो.