घरच्या घरी फायबरग्लासचे फेंडर फ्लेअर: खरी मेहनत फोमवर घ्या

वाइडबॉडी करायची (म्हणजे चाकांवरच्या कमानीला बाहेर येणारी कड, फ्लेअर, लावून गाडी रुंद करायची) म्हणून लोक आधी रेझिनचा (काचेच्या तंतूंना भिजवून कडक होणारा द्रव) डबा आणतात आणि मग आकाराचा विचार करतात, तिथेच गडबड होते. सगळ्यात आधी जे रुंद टायर आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) शेवटी लावणार तेच गाडीला लावा, पुढचं स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, आणि जमलं तर स्प्रिंग काढून जॅकने चाक पूर्ण वर दाबून बघा कुठे घासतंय ते. फ्लेअरची रुंदी या मापावरून ठरते, फोटो बघून नाही.

आता गाडीचा पेंट वाचवायचा. मास्किंग टेप, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, वर रिलीज वॅक्स (रेझिन चिकटू न देणारं मेण), आणि हे हातभर लांबपर्यंत करा कारण रेझिन कुठेही ठिबकतं आणि पेंट खातं.

आकारासाठी पीयू (पॉलियुरेथेन) स्प्रे फोम वापरा. थर्माकोल अजिबात नको! मी पहिल्यांदा थर्माकोल वापरला आणि पॉलिस्टर रेझिन लावल्यावर डोळ्यादेखत सगळा विरघळला, रेझिनमधलं स्टायरीन त्याला खातं. पीयू फोम रात्रभर सुकू द्या, मग ब्लेडने कापा आणि 80 नंबरच्या सँडपेपरने घासा, दर थोड्या वेळाने चार पावलं मागे जाऊन बघा. एक बाजू मनासारखी झाली की पुठ्ठ्याचे टेम्प्लेट कापून घ्या आणि उलटे करून दुसऱ्या बाजूला लावा, नुसत्या नजरेने दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत. दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्या, इथे राहिलेला खड्डा पुढे पुट्टीने भरत बसावा लागतो. शेवटी फोमवर पॅकिंग टेप आणि वॅक्स.

काचेच्या तंतूंची मॅट 450 जीएसएमची (चौरस मीटरला 450 ग्रॅम) चॉप्ड स्ट्रँड, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या तंतूंची घ्या, तीन थर पुरतात, साधारण 3 मिमी जाडी येते. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा, कडा एकमेकांत छान मिसळतात. हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) रेझिनच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला 1-2 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजूनच. थोडं थोडंच कालवा कारण 15-20 मिनिटांत घट्ट व्हायला लागतं आणि डब्यात जास्त उरलं तर भयंकर तापतं. ब्रशने ओढू नका, टोचत टोचत भिजवा, मग रोलरने बुडबुडे काढा. गाडीला चिकटणाऱ्या बाजूला 25 मिमीची पट्टी जास्तीची ठेवा, बोल्ट तिथेच बसतात.

ऑरगॅनिक व्हेपरचा (रेझिनची वाफ अडवणारा) मास्क, चष्मा आणि हातमोजे याशिवाय हात लावूच नका. घासतानाही धुळीचा फिल्टर हवाच, काचेची धूळ फुफ्फुसात जाते.

दुसऱ्या दिवशी काढून फोम खरवडा, वरचा चिकटपणा अॅसिटोनने पुसा नाहीतर पेपर लगेच भरतो. मग पुट्टी, 120 आणि 240 चा पेपर, प्रायमर, 400 चा पेपर.

फेंडर सगळ्यात शेवटी कापा, फ्लेअर लावून आतून रेघ मारून. मागच्या चाकाच्या कमानीत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे असतात, कापल्यावर त्यांच्यात फट पडते, ती वेल्डिंग करून वर सीम सीलर (सांधा बंद करणारी पेस्ट) आणि प्रायमर मारल्याशिवाय फ्लेअर बसवू नका, चिखलपाणी आत जाऊन पत्रा सडतो आणि फ्लेअरखाली झाकलेलं असल्यामुळे बाहेरून कळतही नाही.