विस्कॉन्सिनच्या जंगलात मचाणावरून हरणाची शिकार: पहिल्या हंगामासाठी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मचाण हे प्राणी मोजण्यापुरते उरले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची, शिकार रीतसर करता येते. बंदुकीचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि धनुष्यबाणाचा त्याच्या कितीतरी आधी. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनी आधी सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करावे.

मचाणाची जागा ऑक्टोबरमध्येच हेरून ठेवावी. व्हाइट ओक या झाडाच्या फळांत टॅनिन हे तुरट द्रव्य कमी असल्याने हरणे ती आवडीने खातात, त्यामुळे अशा झाडांकडून दाट झुडपांकडे जाणारी मळलेली वाट सापडली की निम्मे काम झाले. नराने शिंगे घासून साल सोललेली रोपटी आणि खुरांनी उकरलेली जमीन दिसली, तर नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, माजाच्या काळात, तिथे बसणे फायद्याचे ठरते.

तरीही जागेपेक्षा वारा महत्त्वाचा, असे माझे मत आहे. हरणाला एकदा वाऱ्यावरून आपला वास लागला की महागड्या कपड्यांचा काही उपयोग नसतो. मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती. तिच्या सुकलेल्या शेंगेतल्या दोन-चार म्हाताऱ्या खिशात ठेवाव्यात आणि मचाणावरून एकेक सोडून ती कुठे वळते, कुठे खाली बसते ते डोळ्यांनी पाहावे. सकाळी ऊन चढू लागले की उतारावरची हवा वर सरकते आणि संध्याकाळी गारव्याबरोबर खाली उतरते, म्हणून सकाळचे मचाण संध्याकाळी उपयोगी पडेलच असे नाही. वारा वाटेच्या दिशेने वाहत असेल, तर त्या दिवशी तिथे चढूच नये.

पंधरा ते वीस फूट उंची पुरेशी असते. त्याहून वर गेल्यास नेमाचा कोन इतका तिरपा होतो की दोन्ही फुप्फुसांऐवजी एकाच फुप्फुसाचा वेध होण्याचा धोका वाढतो. सर्वांगाला बसणारा सुरक्षापट्टा जमिनीवरच घालावा आणि पहिली पायरी चढण्यापूर्वी तो झाडाला बांधलेल्या जीवनदोराला अडकवावा, कारण बरेच अपघात चढता-उतरताना होतात. बंदूक रिकामी करून, नळी खाली ठेवून, वर बसल्यानंतरच दोराने ओढून घ्यावी. बंदुकीच्या हंगामात कमरेवरील बाह्य पोशाखाचा किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा गुलाबी असावा लागतो. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा ठळक दिसत नाही, तेव्हा त्याची चिंता नको.

हरीण आडवे उभे राहीपर्यंत थांबावे आणि गोळी पलीकडच्या बाजूने कुठून बाहेर पडेल याचा विचार करून खांद्यामागे नेम धरावा. गोळी लागल्यावर लगेच खाली उतरू नये. हरीण शेवटचे दिसले ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवून किमान अर्धा तास बसून राहावे. गोळी पोटात लागल्याची शंका असल्यास कित्येक तास थांबणेच योग्य, अन्यथा उठवलेले जनावर दूर निघून जाते आणि रक्ताचा माग तुटतो. हरीण हाती आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपूर्वी त्याची नोंदणी करावी. या राज्यात हरणांमधला सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग २००२ मध्ये प्रथम आढळला; रोग आढळलेल्या भागातले हरीण असल्यास तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस वेगळे गोठवून ठेवावे.